कान-नाक टोचलं? आता हात आवरा

यात्रा उठली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून माझ्या मेडिकलवर एक ठरलेलं गिऱ्हाईक येतं. दोघी-तिघी पोट्ट्या, त्यातली एक दुपट्ट्यानं कान झाकून मागं उभी. पुढची विचारते, "भाऊ, हिनं कान टोचला ना, पिकून राह्यला. एखादी ट्यूब द्या ना."

मी ट्यूब देत नाही. दोन गल्ल्या सोडून दुसरं मेडिकल आहे आणि त्या तिकडं जातील, हेही मला ठाऊक असतं. तरी प्रत्येकीला दहा मिनिटं उभं करून जे सांगतो, तेच इथं लिहून ठेवतोय. पोरांनाही हे लागू आहे, कारण हल्ली भिकबाळी घालणारे आणि भुवई टोचून येणारेही वाढलेत. टोचलेली जागा म्हणजे उघडी जखम, आणि तिच्यात तुम्ही एक धातूची तार अडकवून ठेवली आहे. शरीर त्या तारेभोवती नवीन कातडी विणतं. त्या कामात आपण जितका कमी हात घालू तितकं ते लवकर होतं.

टोचायच्या आधी: मुहूर्त हंगाम पाहून काढा

कानाची पाळी भरायला साधारण ६ ते ८ आठवडे लागतात. नाकाची बाजू ४ ते ६ महिने घेते. कानाचा वरचा कडक भाग आणि बेंबी ६ महिन्यांपासून वर्षभरापर्यंत. आता हिशेब करा. अक्षय्य तृतीयेच्या लग्नात नथ घालायची असेल, तर नाक दिवाळीतच टोचायला हवं. लग्नाच्या पंधरा दिवस आधी टोचलेल्या नाकात जड नथ घातली, तर फोटोत नथ येते आणि नंतर महिनाभर नाक सुजलेलं राहतं. अशा वेळी चापाची नथसुद्धा नको, ती ताजी जखम दाबून धरते.

फक्त कानाची पाळी असेल तर मला विचाराल तर तूर घरात आल्यावर, ऊन तापायच्या आधीचे दिवस बरे. मृगाच्या चिखलात, सोयाबीनच्या थ्रेशरच्या धुळीत किंवा ४५ अंशांच्या मे महिन्यात नवी जखम सांभाळणं म्हणजे स्वतःहून त्रास ओढवून घेणं आहे.

धनुर्वाताचं इंजेक्शन आधी घ्या. गेल्या १० वर्षांत घेतलं नसेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळतं. आता नुसत्या धनुर्वाताच्या टीटीऐवजी टीडी देतात, त्यात घटसर्पाचंही असतं. लहानपणचे डोस झाले असतील आणि शाळेत १० आणि १६ व्या वर्षाचंही टोचून घेतलं असेल, तर बहुधा चालू असेल. सिस्टरला विचारून घ्या. धनुर्वाताचे जंतू माती आणि शेणात असतात, आणि ज्याच्या दारात गोठा आहे त्याला हे दोन्ही टाळता येत नाही. तान्ह्या बाळाचे कान बारशालाच टोचायचा आग्रह घरात असतो. माझं म्हणणं, १४ आठवड्यांचा पेंटाव्हॅलंटचा (धनुर्वातासह पाच रोगांवरच्या लसीचा) तिसरा डोस होऊ द्या, मग टोचा. आजी रागावतील. रागावू द्या.

शुगर असेल, रक्त पातळ करायची गोळी चालू असेल किंवा सिकलसेल या रक्ताच्या आजाराचा एसएस पॅटर्न (नुसता वाहक नव्हे, पूर्ण आजार) असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय टोचू नका. पूर्व विदर्भात सिकलसेलची घरं किती आहेत हे मी सांगायला नको. अशा शरीराला साधा जंतुसंसर्गही जड जातो.

कुणाकडून, कशानं

सोनार असो, पार्लर असो की डॉक्टर, तीन गोष्टी डोळ्यांनी पाहा: हात साबणानं धुतले आणि नवे हातमोजे घातले का, सुई बंद पाकिटातून तुमच्यासमोर काढली का, आणि दागिना निर्जंतुक केला का. सुई मेणबत्तीवर धरणं किंवा स्पिरिटच्या बोळ्यानं पुसणं पुरेसं नाही. हिपॅटायटिस बीचा विषाणू वाळलेल्या रक्तात ७ दिवसही जिवंत राहू शकतो, आणि तो आधीच्या माणसाच्या कानातून तुमच्या कानात येतो.

यात्रेतल्या कान टोचायच्या बंदुकीबद्दल माझं मत वाईट आहे. तिचं प्लास्टिक वाफेच्या १२१ अंशांत टिकत नाही, म्हणून ती कधी नीट निर्जंतुक होतच नाही. शिवाय ती भोक पाडते बोथट खिळ्याच्या जोरावर. मऊ पाळीला ते एकवेळ चालून जातं. वरच्या कडक कानाला ती कधीच लावू नये. का, ते पुढं सांगतो, कारण माझ्याच कानावर बेतलं आहे.

धातू: पहिला दागिना साधा, गुळगुळीत, हलका. २२ कॅरेटच्या सोन्याची तार किंवा इम्प्लांट दर्जाचं टायटॅनियम. वन ग्रॅम, बेन्टेक्स, यात्रेतलं चमचमतं काहीही नको. वरच्या मुलाम्याखाली बऱ्याचदा निकेल असतं, आणि निकेलची खाज एकदा लागली की जन्मभर पुरते. चांदीही ताज्या जखमेत नको, काळी पडते आणि डाग सोडते. दागिन्याची दांडी थोडी लांब घ्या, सुजेला जागा लागते. मागची फिरकी कातडीत रुतेल इतकी आवळू नका.

रोजचं धुणं

सगळ्यात जास्त गोंधळ इथंच होतो, म्हणून सावकाश सांगतो.

पहिल्या दोन-तीन दिवसांत थोडं रक्त, सूज, ठणका येणारच. दुखत असेल तर पॅरासिटामॉल पुरतं. दिवसातून दोनदा धुवायचं, सकाळी आंघोळीनंतर आणि रात्री झोपताना. तिसऱ्यांदा नको. वारंवार धुतल्यानं कातडी कोरडी पडते आणि जखम लांबते.

आधी हात. साबण लावून, नखांच्या फटी धरून, वीस-तीस सेकंद. शेतातून किंवा गोठ्यातून आल्यावर नुसतं पाणी हातावर घेतलं तर ते हात धुतले असं होत नाही.

मग सलाईन. मेडिकलमध्ये ०.९ टक्क्याच्या नॉर्मल सलाईनची १० मिलीची छोटी प्लास्टिकची कुपी मिळते. एका वेळेला एक फोडायची, उरलेलं फेकायचं. मोठी बाटली स्वस्त पडते खरी, पण त्यात जंतू रोखणारं काही नसतं. उघडून आठवडाभर खिडकीत ठेवलेली बाटली जखमेवर ओतणं चूक आहे. नाकात टाकायचे सलाईन थेंब वेगळे, ते नकोत.

कुपी नाहीच मिळाली तर घरी करा: स्टीलचा एक पेला, म्हणजे साधारण २५० मिली पाणी, पाच-दहा मिनिटं खळखळ उकळून झाकून थंड केलेलं, आणि त्यात बारीक मीठ लहान चमच्याचा पाव हिस्सा, सपाट. जास्त मीठ म्हणजे जास्त गुण असं नसतं; खारट पाण्यानं कातडी भाजल्यासारखी होते. रोज ताजं करा. आणि हो, अकोला-दर्यापूरकडच्या खारपाणपट्ट्यातल्या मंडळींनी आपल्या बोअरचं पाणी आधीच खारट आहे म्हणून तेच वापरू नये. मला एकानं खरंच विचारलं होतं.

गॉजची घडी सलाईनमध्ये भिजवून पुढून-मागून दोन-तीन मिनिटं नुसती टेकवून ठेवा. खपली मऊ होते. सुटली तर सुटली, नाही सुटली तर उद्या. नखानं काढायची नाही. मग कोऱ्या गॉजनं टिपून कोरडं करा. टॉवेल नको, त्याचे धागे दांडीला अडकतात. कापसाचा बोळाही नको. कापसाच्या मुलखात राहून कापूस वापरू नका म्हणणं विचित्र वाटेल, पण त्याचा एक तंतू दांडीभोवती गुंडाळला गेला की तो जखमेत वळतो आणि आठवडाभर चिडवत राहतो.

आणि फिरवू नका. आपल्याकडं प्रत्येक आजीनं सांगितलेलं असतं, "बाळी रोज फिरव, नाही त चिकटून जाईल." चिकटत नाही. फिरवलं की बाहेरची वाळलेली खपली आत ओढली जाते आणि आत नुकती तयार झालेली कातडी फाटते. रोज फिरवणाऱ्यांची जखम रोज पहिल्या दिवशीची होते.

काय लावायचं नाही

डेटॉल, सॅव्हलॉन, स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड: जंतूंबरोबर नवीन पेशीही मरतात. पावडर, खोबरेल तेल, क्रीम: भोकाचं तोंड बुजतं आणि आतला ओलावा आतच अडकतो. हळद: अंगाला लावायला ती शुभ, पण डब्यातली हळद निर्जंतुक नसते आणि तिच्यात रंगाची भेसळही होते. निंबाची किंवा खराट्याची काडी: आमच्या आईनं घातली होती, तिला काही झालं नाही, हे मला रोज ऐकावं लागतं. लाकूड ओल शोषून घेतं, फुगतं, त्याचं कुसळ आत राहतं. ज्यांचं बिघडलं त्यांच्या गोष्टी कुणी सांगत नाही, एवढाच फरक.

सगळ्यात वाईट ती 'सगळ्यावर चालणारी' ट्यूब. जिच्यात अँटिबायोटिक, बुरशीचं औषध आणि स्टेरॉइड एकत्र असतं, खाजेला, नायट्याला, भाजल्याला, सगळ्याला मागतात ती. स्टेरॉइडनं लाली दोन दिवसांत उतरते, म्हणून गुण आला असं वाटतं. प्रत्यक्षात त्यानं जखमेवर पहारा देणाऱ्या पेशींना झोपवलेलं असतं आणि आत जंतू मोकळे झालेले असतात. ती ट्यूब चिठ्ठीशिवाय देऊच नये असा नियम आहे. पाळला जात नाही, हे मी काउंटरच्या या बाजूला बसून सांगतोय.

झोप, दुपट्टा, शेत

टोचलेल्या कानावर झोपायचं नाही. दोन्ही कान टोचले असतील तर? पाण्याच्या घागरीखाली घेतात ती चुंबळ करा. मऊ सुती धोतराची किंवा ओढणीची चांगली जाड चुंबळ वळा, उशीवर ठेवा आणि कान तिच्या मधल्या पोकळीत येईल असं डोकं टेका. कानावर भार येत नाही. उशीचा अभ्रा दोन दिवसांनी बदला.

उन्हाळ्यात स्कूटीवर जाताना पोरी तोंडाला दुपट्टा गुंडाळतात, त्यात नाकाची चमकी दुपट्ट्याच्या जाळीत अडकते आणि सोडताना ओढली जाते. दुपट्टा डोक्यावरून ओढून काढू नका. आधी गाठ सोडा, मग नाकापासून कापड हातानं दूर धरून उलगडा. हेच कापूस वेचताना. डोक्याला बांधलेला रुमाल कानाच्या मागं घ्या आणि घरी आल्यावर आरशात पाहा, दांडीला रुई अडकलेली असतेच. ती कोरडी ओढू नका, सलाईननं भिजवून काढा.

फवारणी करणाऱ्यानं जखम भरेपर्यंत पंप दुसऱ्याला द्यावा. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-मजूर गेले, ते कुणी विसरलेलं नाही. औषध धड कातडीतूनही शरीरात जातं, उघड्या जखमेतून तर सरळच.

तलाव, नदी, कालवा, विहिरीत पोहणं बंद. धुळवडीचा रंगही नको. कूलरसमोर कान करून झोपू नका. टाकीतलं आठ दिवसांचं पाणी तो तुमच्या जखमेवर उडवत असतो. फोन दुसऱ्या कानाला लावा.

पू की नुसतं पाणी?

टोचल्यावर काही आठवडे पांढरट-पिवळसर पातळ पाणी येतं आणि वाळून दांडीवर खपली धरते. हा पू नाही. जखम भरताना ते येतंच. मेडिकलवर 'पिकला' म्हणून येणाऱ्या कानांपैकी बरेच कान असेच असतात, पिकलेले नसतात, फक्त छळलेले असतात.

पू घट्ट असतो, पिवळा किंवा हिरवट, वास मारतो. त्याच्या जोडीला जागा गरम लागते, ठणका कमी व्हायच्या ऐवजी वाढतो, सूज तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतर नव्यानं चढते. लाली हे लक्षण पुस्तकात असतं, पण आपल्या सावळ्या कातडीवर ती लाल दिसत नाही, जांभळट-काळपट आणि ताणून चकाकणारी दिसते. म्हणून हाताची मागची बाजू लावून दोन्ही कानांची ऊब ताडून पाहा. रंग बदललेल्या भागाच्या कडेनं बॉलपेननं रेघ मारा. दुसऱ्या दिवशी रंग रेघेबाहेर गेला असेल तर वाट पाहू नका, डॉक्टर गाठा. ताप, थंडी, कानामागं किंवा मानेत गाठ आली तर त्याच दिवशी.

अशा वेळी घाबरून दागिना काढू नका. भोकाची तोंडं बंद होतात आणि पू आत कोंडला जातो. काढायचा की नाही ते डॉक्टर ठरवतील. आणि नाकावरचं काहीही पिळू नका, त्या भागातलं रक्त डोळ्यामागच्या शिरांकडं जातं.

वरचा कान: माझी गोष्ट

माझ्या डाव्या कानाची वरची कड चुरगळून सरळ केलेल्या कागदासारखी आहे. कॉलेजला असताना एका यात्रेत मित्रांच्या नादानं वरच्या कानाला बंदूक लावून घेतली. चौथ्या दिवशी ठणका लागला. मी फार्मसीचा विद्यार्थी, मला सगळं कळतं असा माझा समज. वर सांगितलेली तीच ट्यूब चोळली. तीन दिवस एकदम छान. आठव्या दिवशी कान बटाटेवड्याएवढा. दवाखान्यात चीर देऊन पू काढला, आतला मेलेला कुर्चेचा (कानाच्या मऊ हाडाचा) तुकडाही काढला, आणि कानाचा आकार गेला तो गेलाच.

नंतर कळलं का ते. पाळीत रक्तवाहिन्या भरपूर, म्हणून ती लवकर भरते. वरच्या कडक भागात जी कुर्चा असते तिला स्वतःचा रक्तपुरवठाच नसतो, वरच्या पातळ आवरणातून जे झिरपेल त्यावर ती जगते. बंदुकीच्या धक्क्यानं किंवा पुवानं ते आवरण सुटलं की कुर्चा उपाशी मरते, आणि मेलेली कुर्चा परत उगवत नाही. वरच्या कानाला स्यूडोमोनस नावाचा ओलाव्यात वाढणारा जंतू विशेष लागतो, आणि नेहमीच्या बऱ्याच अँटिबायोटिक गोळ्या त्याच्यावर चालत नाहीत. म्हणून वरचा कान दुखून गरम झाला आणि खालची पाळी मात्र ठीक आहे, असं दिसलं की माझ्याकडं येऊ नका. सरळ कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडं जा, त्याच दिवशी. गावात नसतील तर जिल्हा रुग्णालयात.

गाठ आली तर

भोकाच्या तोंडाशी लालसर, ओलसर, मसूरडाळीएवढा फोड दिसला, तर बहुधा कुठंतरी घासतंय किंवा ओढलं जातंय. कारण शोधा, सलाईन चालू ठेवा, बऱ्याचदा बसतो. पण टणक गाठ महिन्यांनी येऊन भोकाच्या हद्दीबाहेर पसरत असेल, खाजत असेल, तर ते केलॉइड. आपल्या कातडीला ते जास्त होतं, आणि घरात कुणाला असेल तर तुम्हालाही व्हायची शक्यता मोठी. दोऱ्यानं आवळून किंवा कापून काढायच्या नादाला लागू नका, ते दुप्पट होऊन येतं. त्वचेच्या डॉक्टरांकडं त्यावर इंजेक्शन असतं.

नुसती खाज, कोरडे पापुद्रे, पाणी, पण ठणका नाही, असं असेल तर धातू मानवत नाही. दागिना बदलून घ्यावा लागेल, आणि तो टोचणाऱ्याच्या किंवा डॉक्टरच्या हातून.

रक्तदान करणाऱ्यांसाठी एक: टोचल्यावर वर्षभर रक्त देता येत नाही. शिबिरात विचारलं तर लपवू नका.

पहिला दागिना बदलताना

बाहेरून बरं दिसलं म्हणून आतून बरं झालं असं नसतं. नवी विहीर वरून बांधत आणतात तशी ही जखम दोन्ही तोंडांकडून आत भरत येते. काठ पक्का दिसतो तेव्हा मधे माती सुटतच असते. म्हणून वर दिलेले आठवडे पूर्ण होऊ द्या, आणि दुखणं, पाणी, खपली सगळं थांबून दोन आठवडे गेले की मगच बदला.

आंघोळीनंतर बदला, कातडी मऊ असते. नवा दागिना आधी धुऊन समोर ठेवा, कारण नव्या भोकाचं तोंड काही तासांतही आखडतं, नाकाचं तर त्याहून लवकर. आत जात नसेल तर जोर लावू नका, जुनाच परत घाला आणि महिनाभर थांबा. आणि हे सगळं करताना मांडीवर एक ताट घ्या. चमकीची फिरकी सारवलेल्या अंगणात पडली की अख्खं घर टॉर्च घेऊन ओणवं होतं, तरी सापडत नाही.